नदीकाठची मराठी पाटी

“मासो पकडूचो, फोटो काढूचो नि परत सोडूचो? मगे पकडूचो कित्याक?”

हा प्रश्न माझ्या बाबांचा. बाबा म्हणजे विद्याधर सामंत, कुडाळजवळच्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. वर्गात इंग्रजी, स्टाफरूममध्ये पुस्तकी मराठी आणि घरात मालवणी, अशी त्यांची वाटणी. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, डंडॉकला आले होते, आणि मी त्यांना माझी नदी दाखवायला निघालो होतो.

‘माझी’ म्हणायला मला फार आवडायचं. तिथल्या अँगलिंग क्लबच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या मंडळाच्या, वेटिंग लिस्टवर मी दोन वर्षं होतो. डेसी नावाच्या निवृत्त पोस्टमनने, क्लबच्या सेक्रेटरीने, माझ्यासाठी शब्द टाकला तेव्हा कुठे आत शिरलो. सॅमन अंडी घालायला समुद्रातून नदी चढून येतो. आता हे मासे इतके कमी झालेत की आमच्या नदीवरून एकही घरी न्यायचा नाही. गळाला उलटा काटा नको. मासा पाण्याबाहेर काढायचा नाही; पाण्यातच गळ सोडवायचा, प्रवाहाकडे तोंड करून धरायचं, त्याला दम खाऊ द्यायचा आणि सोडायचं. मेला तरी नदीलाच परत. या सगळ्याखाली माझी सही आहे.

“म्हंजे आपले चढणीचे मासे,” बाबा गाडीत म्हणाले. “आमी टोपलेच्या टोपले भरून हाडू.” मग म्हणाले, “म्हणानच आता गावणत नाय.”

तीन सीझन मी त्या पाण्यात कमरेपर्यंत उभा राहिलो होतो आणि मला एकही मासा लागला नव्हता. जुलैतल्या त्या शनिवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, लागला. बाबा काठावर घडीच्या खुर्चीत थर्मासचा चहा पीत बसले होते, ते उठून उभे राहिले. पंधरा-वीस मिनिटं ओढाताण झाली आणि मासा जाळीत आला. पाच किलोचा तरी असेल.

आणि मी तो पाण्याबाहेर काढला. छातीशी धरला आणि बाबांना म्हटलं, फोटो काढा. बाबांना माझा फोन उघडेना. मासा गवतावर ठेवून मी फोन उघडून दिला, मासा परत उचलला. एका फोटोत माझे डोळे मिटलेले. दुसऱ्यात माशाचं तोंडच नाही. मग व्हिडिओ, कारण मराठी ग्रुपवरचा आशिष महिनाभर मला चिडवत होता, “डॉक्टर, मासे पकडतोस की नुसते पाय धुवून येतोस?”

“उल्हास, सोड रे त्येका,” बाबा दोनदा म्हणाले.

“एकच मिनिट, बाबा.”

मी भूलतज्ज्ञ आहे. टेबलावरच्या माणसाच्या ऑक्सिजनचा आकडा दोनाने घसरला तरी माझी मान वळते. तो मासा माझ्या हातात तोंड उघडत-मिटत होता आणि मी कॅमेऱ्याकडे बघून दात काढत होतो. हे मी आता लिहितोय, पण तेव्हा मला खरंच काही दिसत नव्हतं.

नंतर अर्धा तास त्याला पाण्यात धरून बसलो. हात सोडला की तो उताणा व्हायचा, मग कल्ले हलायचेही थांबले. शेवटी बाबांनीच विचारलं, “नियम काय तुमचो?”

“परत टाकायचा.”

“मगे टाक.”

माझ्याच्याने होईना. एवढा मासा नुसता वाहून जाऊ द्यायचा? आपल्याकडे ताटातलं शीत टाकत नाहीत, असं मी बाबांनाच ऐकवलं, ज्यांनी मला ते पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं.

“ताट तुझा न्हय,” बाबा म्हणाले.

मी मासा टॉवेलात गुंडाळला आणि बॅगेत घातला. बाबांनी थर्मास बंद केला. खुर्ची मिटून माझ्यामागून चालू लागले.

गाडीपाशी फिशरी ऑफिसर उभी होती. तिशीतली मुलगी, गणवेश, हातात वही. लायसन्स बघितलं, गळ बघितला, सगळं ग्रँड, म्हणजे ठीक आहे, म्हणाली. मग म्हणाली, बॅग उघडता का प्लीज?

आता माझी बाजू सांगतो, म्हणजे ती किती पोकळ आहे ते कळेल. माझा सिटिझनशिपचा अर्ज गेलेला होता. नऊ वर्षं इथे काढल्यावर सप्टेंबरात शपथविधी व्हायची आशा होती. त्यात चारित्र्य चांगलं हवं, आणि कोर्टात केस झाली तर ती लिहून द्यावी लागते. मृणालिनीने, माझ्या बायकोने, तो दिवस कॅलेंडरवर आधीच रंगवून ठेवला होता. हे सगळं बॅगेची चेन उघडेपर्यंत माझ्या डोक्यातून फिरून गेलं.

“हा कोणी घेतला?” तिने विचारलं.

“माझ्या वडिलांनी,” मी म्हणालो. “भारतातून आलेत. त्यांना इंग्लिश येत नाही, नियम माहीत नाहीत. मी नदीत होतो, मासा मेलेला होता, त्यांनी खायला म्हणून बॅगेत घातला. माझ्या लक्षात आलं नाही.”

इतकं सरळ आणि इतक्या पटकन. एकदाही अडखळलो नाही.

ती बाबांकडे वळली. खाली वाकून, मोठ्याने, एकेक शब्द तोडत तिने विचारलं, “डू... यू... अंडरस्टँड... मी?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाने अगदी सोप्या प्रश्नाचं उत्तर चुकवलं की ते बघायचे, तसं. मग त्यांनी हात जोडले, मान हलवली आणि त्यांच्या शाळेतला कुठलाही मुलगा ज्या उच्चारात बोलला असता तर बाकावर उभा राहिला असता, त्या उच्चारात म्हणाले, “नो इंग्लिस. सारी म्याडम.”

ती विरघळली. म्हाताऱ्या माणसावर कुठे केस करायची, म्हणाली. लेखी ताकीद देते, क्लबला कळवते. मासा तिने ताब्यात घेतला. वहीत लिहायला वडिलांच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. मी घाईत एक अक्षर गाळलं. बाजूला उभ्या बाबांचे ओठ हलले, दुरुस्त करायला. मग त्यांनी ते मिटून घेतले.

गाडीत ते खिडकीतून बाहेर बघत होते. घर जवळ आल्यावर विचारलं, “सिटिझनशिप कधी?”

“सप्टेंबरात.”

“झाली की डेसीक खरा सांग.”

“सांगतो, बाबा.”

दारातच ईशानी भेटली, माझी अकरा वर्षांची मुलगी. “आजोबा, डिड ये कॅच एनिथिंग?”

“वुई डिड, माय डिअर,” बाबा आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणाले. “बट वुई डिडन्ट डिझर्व्ह इट.”

गोष्ट इथे संपली असती तर मी ती गिळली असती. पण पुढच्या रविवारी डेसी घरी आला, बायकोने भाजलेला ब्रेड घेऊन. वडिलांना वाईट वाटलं असेल, त्यांना भेटून येतो, म्हणाला. बाबा महिनाभर डेसीला भेटायची वाट बघत होते. पोस्टमनने आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाहिली, त्याच्याकडे सांगण्यासारखं किती असेल, असं त्यांचं म्हणणं. प्रश्नही काढून ठेवले होते. डेसी यायच्या आधी मी ईशानीला मैत्रिणीकडे पोचवून आलो, पोरगी सगळं बोलून टाकेल म्हणून.

बाबा तासभर सोफ्यावर बसून होते. डेसी बोलायचा, मी मराठीत सांगायचो, बाबा ऐकलेलंच पुन्हा ऐकून मान हलवायचे. एकदा डेसीने पावसात भिजलेल्या पत्रांचा एक किस्सा सांगितला आणि बाबांना माझ्या भाषांतराआधीच हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात घालवलं. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तरीही मी तो किस्सा मराठीत सांगून पूर्ण केला. चहा ओतला.

निघताना डेसी म्हणाला, “गॉड लव्ह हिम, त्यांना कसं कळणार? चूक आमची. आम्ही नियमांची पाटी फक्त इंग्लिशमध्ये लावली. तू तुमच्या भाषेत लिहून दे, मी करून घेतो.”

तो गेल्यावर मी कागदावर चार ओळी लिहिल्या. बाबांनी त्या मागून घेतल्या, चष्मा लावला, ईशानीच्या कंपासपेटीतलं लाल पेन घेतलं. दोन वेलांट्या सुधारल्या. मग सावकाश, वळणदार अक्षरात, खाली पाचवी ओळ स्वतः लिहिली आणि कागद मला परत दिला.

“ही पण?” मी विचारलं.

“ही आदी,” बाबा म्हणाले. “पण आसांदे खाली.”

ऑगस्टअखेर ते परत गेले. सप्टेंबरात माझी सिटिझनशिप झाली. फोनवर बाबांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, “सांगलंस?” मी म्हटलं, या आठवड्यात. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्याला आता आठ महिने झाले.

मराठी पाटी गाडीतळावर, इंग्लिश पाटीशेजारी उभी आहे, हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं. डेसी नव्या मेंबरांना कौतुकाने दाखवतो, की ही डॉक्टरच्या वडिलांसाठी. डंडॉकच्या आसपास मासे धरणारा दुसरा मराठी माणूस मला माहीत नाही. ती वाचणारा मी एकटा. दर शनिवारी, गाडी लावताना, वाचतो:

मासा पाण्याबाहेर काढू नये.
गळ पाण्यातच सोडवावा.
माशाला दम घेऊ द्यावा.
मेला तरी नदीला परत द्यावा.
नियम माहीत नव्हता, असे खोटे सांगू नये.

गेल्या शनिवारी डेसी माझ्या शेजारी उभा राहिला. इंग्लिश पाटीवर चारच ओळी आहेत, हे त्याच्या आता लक्षात आलं होतं. त्याने पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. “ही कसली?”

मी त्याच्याकडे बघितलं. सांगायला याहून सोपी वेळ मिळणार नव्हती.

“आभारी आहोत, असं लिहिलंय,” मी म्हणालो.

“किती सभ्य माणूस तुझा बाप,” डेसी म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारून नदीकडे गेला.