दत्तूकाकांचे पाणी

सूर्य मागे पडला होता. दिवेलागणीच्या पणतीएवढा, पिवळा, परका. पुढे अथांग, अनादि, कृष्णनील काळोख. त्या काळोखात तारे होते, अगणित, निश्चल, लुकलुकणे विसरलेले. आणि त्या निश्चल ताऱ्यांमधून धावणाऱ्या यानात शर्वरीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

यानाचे यंत्रज्ञ दत्ताराम परुळेकर, सगळ्यांचे दत्तूकाका, गेले होते. हृदय थांबले, आणि यानाची डॉक्टर असून तिला ते पुन्हा चालवता आले नाही. शीतकपाटात, शुभ्र वस्त्रात, ते समाधिस्थ निजले होते. ती मात्र तरंगत जाई, परत येई. जाई, परत येई. रडूही धड येत नव्हते. अश्रू डोळ्यांतच गोळा होऊन बसत.

काकांनी तिच्याकडे एकच मागितले होते, यानातल्या मेथीच्या वाफ्यापाशी, हसत हसत.

"माझ्यामागे पाणी द्यायला कुणी नाही गं, पोरी. तूच दे. चटणीपुरते तीळ आहेत ना आपल्याकडे?"

"देईन, काका. पण एवढी घाई कशाला?"

आता तीळ होते, काळे नाहीत तर पांढरे. पाणी होते, ओंजळ होती. स्फटिकनिर्मळ, थरथरते पाणी तिने हातावर घेतले, अंगठ्याच्या बाजूने हात कलता केला. पाणी पडले नाही. जिथे वजनच नाही तिथे खाली कुठून असणार? पाणी अंगठ्यावर चढले, मनगटाला हट्टी लेकरासारखे बिलगले. तिने हात झटकला. थेंब उडाले, तरंगले, फिरून तिच्याच गालाला चिकटले.

शर्वरी चिडली, पाण्यावर, काकांवर, स्वतःवर. जीव वाचवता आला नव्हता, आता दिलेला शब्दही जाणार होता.

"शर्वरी," यानाची चालक नसीमा दारातून म्हणाली, "वळण जवळ आलं. इंजिन पेटायच्या आत काकांना निरोप द्यायला हवा. मग दार उघडता येणार नाही."

"थोडं थांब ना गं."

"मी थांबेन. वळण नाही थांबणार."

वळण! इंजिन पेटले की यानाला क्षणभर वजन येई, मागची भिंत जमीन होई, आणि काका दर वेळी ओरडत, "भांडी धरा रे! खाली आलं, खाली!" शर्वरीला ती हाक आठवली आणि ती भानावर आली.

"नसीमा, काकांना सोड. आणि लगेच पेटव."

मागच्या भिंतीतल्या खिडकीवर पाय टेकून ती उभी राहिली, तिलोदकाची ओंजळ छातीशी धरून. बाजूचे दार उघडले. शुभ्रवस्त्रावृत, शांतमूर्ती काका बाहेर सरकले, यानासोबत तरंगत राहिले, उंबऱ्यात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखे.

इंजिन गुरगुरले. पावलांना वजन आले. काका मागे राहू लागले, आणि तिच्या पायांखालच्या काचेत दिसू लागले. खाली, अजून खाली, ताऱ्यांच्या अथांग डोहात.

तिने हात कलता केला.

अंगठ्यावरून पाणी सुटले. तीळ आणि थेंब, थेंब आणि तीळ, काका जात होते त्याच दिशेला निघाले, काचेवर वाजले. आणि इतका वेळ डोळ्यांत अडलेले तिचे अश्रू गालांवरून ओघळले, हनुवटीशी थबकले, आणि खाली पडले.