लाल शीर

त्या पत्राला अण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. विसरले असते तर बरं झालं असतं, निदान रात्रीची झोप तरी नीट लागली असती. सहा वर्षं ते पत्र टेबलाच्या दुसऱ्या खणात, वरून तिसरं, असं पडून होतं, आणि खण उघडताना अण्णा डोळे मिटून हवी ती वस्तू चाचपून काढत.

पत्र साधंच होतं. शहराबाहेर पाच कोसांवर सरकारी कुरण आहे, तिथल्या राखणदार बाईचं. कुरणात गावोगावच्या मेंढ्या चरतात, ससे आहेत, गवतात जमिनीवर घरटी करणारे चंडोल आहेत. तिनं लिहिलं होतं: "ओढ्याकाठी एका खोलीएवढ्या जागेत नवंच रोप उगवलंय. पान सोबत जोडलंय. ताजं असताना मधली शीर लालभडक असते. उपटू की राहू देऊ? आपण जाणकार आहात, कळवावे."

अण्णा तेव्हा कॉलेजच्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे एकटेच. चौतीस वर्षं त्यांनी कपाटांत कागदावर चिकटवलेली झाडं सांभाळली, त्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि झुरळांशी लढाई केली. पत्रातलं पान हातात आलं तेव्हा ते टपालात वाळून करडं झालं होतं. आकारावरून अण्णांनी ओळखलं, हा पिवळकाटा; परक्या मुलखातून आलेलं तण, एकदा पसरलं की गवताला श्वास घेऊ देत नाही. पण लाल शीर? कपाटात पिवळकाट्याचे बारा कागद होते, एकावरही लाल शीर नव्हती. पुस्तकात नव्हती. मग हे दुसरंच काही असलं तर? चुकीचं सांगितलं आणि बिचारीनं भलतंच रोप उपटलं तर? अण्णांनी उत्तराचे सात कच्चे खर्डे केले आणि सातही फाडले. मग उशीर झाला. मग उशीर झाल्याची लाज वाटू लागली, आणि ती लाजच उत्तर न देण्याचं दुसरं कारण होऊन बसली.

"अण्णा, उद्या रविवार. कुरणात जायचंय," धाकटी बहीण म्हणाली. अडुसष्ट वर्षांची झाली तरी घरात ती चिमीच होती. वाचनालयातल्या फळ्यावर तिनं सूचना वाचली होती: तण उपटायला माणसं हवीत, हातमोजे आणावेत.

अण्णांनी दुसऱ्या खणाकडे एकदा बघितलं. "माझे गुडघे दुखतात गं."

"गुडघे घेऊनच चल. त्यांनाही जरा हवा लागेल."

कुरणाच्या फाटकाशी एक लांब लाकडी बाक होता आणि बाकावर सहा ब्रश. आत जाताना बूट घासायचे, बाहेर पडताना पुन्हा घासायचे, म्हणजे तळव्याला चिकटून बी इकडचं तिकडे जात नाही. राखणदार बाई प्रत्येकाचे बूट उचलून बघत होती. चाळिशीची, उन्हानं रापलेली, टोपी हनुवटीखाली दोरीनं बांधलेली. अण्णांचे बूट बघून ती म्हणाली, "काका, हे तर दुकानातून आत्ताच आणल्यासारखे आहेत. कधी रानात गेलाच नाहीत वाटतं?"

"फारसा नाही," अण्णा पुटपुटले. खरं तर कधीच नाही.

तीसेक माणसं जमली होती. बाईनं एक रोप हातात धरून दाखवलं. जमिनीला चिकटून पसरलेली पानं, मऊ, करडी. "हा पिवळकाटा. अजून काटे आलेले नाहीत, महिन्याभरात येतील, मग हात लावायची सोय नाही. मुळासकट काढायचा, मूळ तुटलं तर पुन्हा फुटतो. ह्यानं गवत मारलं आणि चंडोलांची घरटी घटली. पाच वर्षांपूर्वी मी चौऱ्याऐंशी मोजली होती, गेल्या साली एकोणीस. इतकं उपटतोय तरी घटतातच आहेत, हे मात्र मला कळत नाही. असो. गुरुवारी ट्रॅक्टर येऊन उरलेल्या भागावर औषध मारणार. शंका आली तर ही तणांची पुस्तिका बघा."

तिनं खिशातून पुस्तिका काढली. कोपरे झिजलेले, मुखपृष्ठाला चिकटपट्टी. चिमीनं अण्णांच्या बरगडीत कोपर मारलं. "तुझी!"

"गप्प बस."

"अरे, सांगू की त्यांना. लेखक आलेत म्हणून."

"चिमे, तुला माझी शपथ."

माणसं एका दोरीला धरून ओळीनं उभी राहिली. दोरी चार पावलं पुढे सरकली की सगळ्यांनी वाकायचं, आपल्यासमोरचं उपटायचं, पाठीवरच्या पोत्यात टाकायचं, मग पुन्हा चार पावलं. कुंपणापलीकडे एक म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"उपटा, उपटा!" तो ओरडला. "माझ्या मेंढ्यांचं ताट उपटा! घरी न्या, भाजी करा!"

"बाबा, रोज तेच काय?" राखणदार बाई म्हणाली.

"रोज तेच उपटता, म्हणून रोज तेच बोलतो."

ओळीतला एक पाववाला हसत म्हणाला, "आजोबा, पुस्तकात चित्र आहे हो."

"माझ्या मेंढीनं पुस्तक वाचलेलं नाही. ती खाऊन बघते."

सगळे हसले. अण्णाही हसले. कितीतरी दिवसांनी ते मोकळ्यावर होते, ऊन पाठीवर छान लागत होतं आणि गुडघे चक्क गप्प होते. रोप बोटांनी मातीतून सुटताना होणारा तो बारीक आवाज त्यांना फार आवडला. चौतीस वर्षं वनस्पतींच्या संगतीत काढूनही हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

अकराव्या की बाराव्या वेळी ते वाकले तेव्हा गवताच्या झुबक्याआड आणखी एक रोप दिसलं. तशीच पानं, तोच आकार. मात्र हिरवीगार, आणि प्रत्येक पानाच्या मधोमध देठापासून टोकापर्यंत लालभडक शीर.

अण्णा तसेच बसून राहिले. मग हळूच मागे वळून बघितलं. दोरी जिथून जिथून आली होती, तिथली करडी रोपं सगळी गेली होती आणि लाल शिरेची रोपं जागच्या जागी ऐटीत उभी होती. कारण पुस्तिकेत लाल शीर नव्हती.

चहाची सुटी झाली. अण्णांनी लाल शिरेचं एक पान तोडलं आणि चहा घेऊन आलेल्या टेम्पोच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवलं. सगळे चहा पीत होते, अण्णा पानासमोर उभे होते. पत्रा पोळत होता. पान आधी मलूल झालं, मग कडेनं वळलं, मग हिरवा रंग उतरला. लाल शीर विटकरी झाली, मग तपकिरी, आणि शेवटी कुठे शीर आणि कुठे पान ते कळेनासं झालं. समोर उरलं ते करडं पान, अगदी त्यांच्या कपाटातल्यासारखं, अगदी त्या पाकिटातल्यासारखं, अगदी त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रासारखं.

त्यांनी चित्रं वाळलेल्या कागदांवरून काढली होती. बाहेर जाऊन जिवंत रोप बघावं असं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कपाट जवळ होतं आणि रान लांब. वाळल्यावर सगळीच करडी होतात. जिवंतपणीही करडं असतं ते पिवळकाट्यासारखंच दिसणारं मेंढीकान, अण्णांनी फक्त पुस्तकात वाचलेलं; इथलं, मूळचं, चंडोलाला आसरा देणारं. आणि गेली पाच वर्षं ही भली माणसं अण्णांच्या पुस्तिकेच्या भरवशावर मेंढीकान उपटत होती आणि पिवळकाट्याला मोकळी जागा करून देत होती. गुरुवारी ट्रॅक्टर आला की उरलंसुरलंही संपणार होतं.

सगळे पुन्हा दोरीकडे निघाले.

"जरा थांबता का?" अण्णा म्हणाले. पण असं काही, की फक्त चिमीला ऐकू आलं.

"काय झालं रे?"

"सगळ्यांना थांबवायला हवं. माझा आवाज निघत नाही."

चिमीनं त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी काही शीळ मारली की कुंपणापलीकडच्या मेंढ्यासुद्धा वळल्या. तीस माणसं जागच्या जागी उभी राहिली.

"बोल," चिमी म्हणाली. "आणि तुझं ते 'बहुधा', 'कदाचित' आज घरी ठेव."

अण्णांनी घसा साफ केला. "आपण चुकीचं रोप उपटतोय. ही पुस्तिका चुकीची आहे."

"कोण म्हणतं?" पाववाल्यानं विचारलं.

"मीच. मी लिहिलीय ती."

मग त्यांनी सांगितलं. पत्र्यावरचं पान दाखवलं, लाल शिरेचं ताजं रोप शेजारी धरलं. वाक्यं पुरी होत होती. राखणदार बाई एकेक पाऊल जवळ येत गेली.

"लाल शीर," ती म्हणाली. "हे मी एका पत्रात लिहिलं होतं. कॉलेजला. सहा वर्षं झाली."

"मिळालं होतं."

"मला वाटलं, पत्ता चुकला असेल."

"पत्ता बरोबर होता. मी घाबरलो. तुमचं बरोबर, की माझी बारा पानं बरोबर, ते ठरवता येईना."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते रागाचं होतं. "एका खोलीएवढी जागा होती हो ती! एका दुपारी मी एकटीनं साफ केली असती. उत्तर आलं नाही, म्हणून मग मी पुस्तिका घेतली. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा सोडून."

कुणी कुणाकडे बघेना.

तेवढ्यात मेंढपाळ एका मेंढीला काखेत धरून फाटकातून आत शिरला. "बूट घासलेत," त्यानं आधीच सांगून टाकलं. "मेंढीचेही चारही घासलेत." त्यानं मेंढीला खाली ठेवलं, एका हातात करडं रोप घेतलं, दुसऱ्यात लाल शिरेचं. मेंढीनं करडं क्षणात फस्त केलं. लाल शिरेचं हुंगलं, मान फिरवली आणि जोरात शिंकली.

"झालं?" मेंढपाळ म्हणाला. "पाच वर्षं बोंबलतोय मी कुंपणावरून. पण माझ्या बोलण्याला पुठ्ठ्याचं कव्हर नाही ना!"

आधी चिमी हसली. मग पाववाला. मग डोळे पुसता पुसता राखणदार बाईलाही हसू फुटलं आणि ती तिथेच गवतात बसून पोट धरून हसू लागली. "बाबा, तुमच्या मेंढीला उद्यापासून नोकरीवर घेते."

"तिला रविवारची सुटी लागेल," मेंढपाळ म्हणाला.

"आणि उपटलेल्यांचं काय करायचं?" कुणीतरी विचारलं. पोती भरलेली होती.

"मेंढीकान चिवट असतं," मेंढपाळ म्हणाला. "सकाळचंच आहे ना? खोचा मातीत आणि पाणी घाला. त्याला मरायचं कसं तेच माहीत नाही."

मग कुरणानं कधी पाहिली नसेल अशी गंमत सुरू झाली. तीच दोरी, तीच माणसं, पण आता उलटी. चार पावलं मागे, वाका, लाल उपटा, त्या खड्ड्यात करडं लावा. ओढ्यातून बादल्या आल्या. कुणी लावताना रोपांची माफी मागत होतं, कुणी "जागा बदलून हवी का?" म्हणून विचारत होतं. पाववाला अण्णांना सारखा हाक मारत होता, "लेखक, हे बघा, लाल का करडं?" आणि अण्णा इकडून तिकडे धावत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण धावत होते. कुणीही विचारलं तरी एका शब्दात सांगत होते: लाल. करडं. लाल.

दुपारी, सकाळी दोरी जिथे थांबली होती तिथून दोन हातांवर, मेंढीकानाच्या एका झुबक्यातून चंडोल भुर्रकन उडाला. राखणदार बाईनं सगळ्यांना मागे सारलं, अण्णांना मात्र बोटानं बोलावलं. दोघं ओणवी झाली. करड्या पानांखाली गवताची एवढीशी वाटी आणि तीत ठिपक्यांची चार अंडी.

"दोन हात," ती कुजबुजली. "आणखी एकदा दोरी सरकली असती तर."

वर आभाळात चंडोल गाऊ लागला होता. अण्णांना चष्मा काढून पुसावा लागला.

निघताना, बूट घासताना ती म्हणाली, "काका, फवारणी थांबवायची तर कार्यालयाला कागद लागतो. जाणकाराची सही, आणि टपालाचा शिक्का. हातानं दिलेला कागद ते घेत नाहीत, म्हणतात तुम्ही घरी बसून लिहिलात. बुधवारी माझ्या हातात पत्र हवं, मी ते जोडून देते." तिनं ब्रश बाकावर ठेवला. "याल ना... म्हणजे येईल ना?"

"येईल," अण्णा म्हणाले.

सोमवारी सकाळी टपाल कचेरीच्या उंच टेबलाशी, साखळीनं बांधलेल्या पेननं त्यांनी पत्र लिहिलं. चिमी खांद्यावरून वाचत होती.

"आपले पत्र मिळाले. उत्तरास सहा वर्षे उशीर झाला, त्याला माझ्याकडे भित्रेपणाखेरीज कारण नाही. आपण पाठवलेले पान पिवळकाट्याचे आहे. उपटावे. लाल शीर आपण बरोबर पाहिली होती; माझ्या पुस्तिकेतील चित्र चुकीचे आहे, ते कृपया कुणी मानू नये. करड्या पानांचे मेंढीकान राखावे, त्यावर औषध मारू नये. पुढच्या रविवारी येतो. दोघे येतो."

"माझं नाव नाही घातलंस," चिमी म्हणाली.

"'दोघे' म्हटलंय की."

"ठीक आहे. सही कर."

त्यांनी सही केली, तिकीट चिकटवलं, दोनदा दाबलं. बाहेर येऊन पेटीच्या फटीत पाकीट सरकवलं, पण बोटं काही ते सोडेनात. मागे टपालवाला किल्ल्यांचा जुडगा आणि रिकामी थैली घेऊन पेटी उघडायला उभा होता.

"काका," तो म्हणाला, "टाकताय, की मीच घेऊ हातातून?"

"नको, नको," अण्णा म्हणाले, "मीच टाकतो," आणि त्यांनी पत्र सोडलं.