तळहातावरची शाब्बासकी

निपाणीच्या राजमतीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शाळेत तिच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून थोरली आक्का मुद्दाम एक इयत्ता मागं राहिली आणि मास्तरांचं बोलणं बोटानं तिच्या तळहातावर लिहीत गेली.

आता राजमती मोबाईलवर व्हिडिओ कॉलनं शिवणकाम शिकते. बाई बोलतील तो शब्दन्‌शब्द पडद्यावर खाली उमटतो. आज उमटलं, "राजमती, गळा परत वाकडा कापलास! अक्कल गहाण ठेवलीस काय?"

ती चपापली. असं तिला कुणी कधी बोललंच नव्हतं. मास्तर लालबुंद व्हायचे, तेव्हा आक्का लिहायची, 'शाब्बास.' त्या गुदगुल्या तळहाताला अजून आठवत होत्या.

तिनं चिकोडीला आक्काला मेसेज टाकला, "मास्तर मला लई रागं भरायचे व्हय गं?"

उत्तर आलं, "काय म्हायती! त्यावेळी मलाबी ऐकू यायचं न्हाय."