तटाच्या पोटातलं बूच

आमच्या टेकडीवरच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या गॉल लोकांच्या पडक्या किल्ल्याची राखण मी बारा वर्षं केली. नियम एकच: पडलेला दगड पडला तिथेच राहू द्यायचा आणि पुरातत्त्व कचेरीला कळवायचं. आता मला सांगा, चाळीस वर्षं गडगे रचलेल्या माणसाने ढासळलेल्या तटाकडे नुसतं बघत बसायचं? एका मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि उत्तरेकडे, काटेरी झुडपांआड, तटाचा चार हात तुकडा खाली आला. मी कळवलं नाही. दोन दिवसांत रचून टाकला, बापाने शिकवला तसा, बिनचुन्याचा, शेवाळाची बाजू बाहेर ठेवून. वर आमच्या घरची रीतही पाळली. काम संपलं की वाइनची बाटली उघडायची आणि तिचं बूच भिंतीच्या पोटात ठेवायचं. बायको, ओदेत, म्हणाली, "किल्ला काय तुझ्या बापाचा आहे?" मी हसण्यावारी नेलं.

पुढच्या वर्षी उत्खननाला सोलेन आली. तिशीची, बोलायला चुरचुरीत. तिने झुडपं काढली आणि नेमकी माझ्या तुकड्यापुढे थबकली.

"फिर्मिनबाबा, इकडे या. हा गॉल गवंडी डावखुरा होता, बघा. काय हात आहे याचा!"

डावखुरा मी. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण सत्तरीला टेकलो तरी मला 'काय हात आहे' असं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या गडग्यांचं ओदेतने केलेलं कौतुक म्हणजे 'कोंबड्या अडतात ना, झालं तर'. मी गप्प बसलो, आणि मनातून फुललोही. सांगायलाही लाज वाटते.

तीन वर्षं ती त्या डावखुऱ्यावर लिहीत राहिली. ते लिखाण मान्य झालं तर तिला कायमची नोकरी मिळणार होती. मी रोज तिला कॉफी नेऊन द्यायचो आणि रोज ठरवायचो, उद्या सांगू.

मग तिचे प्राध्यापक तुकडा आतून तपासायला आले. दगड काढायला तिने मलाच बोलावलं. "तुमच्याइतका हलका हात कुणाचा नाही, बाबा." सकाळी सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. तिने आपल्यातला अर्धा पाव आणि सॉसेज माझ्यापुढे धरलं, आणि मी ते खाऊन कामाला लागलो.

एकेका दगडावर खडूने आकडा घालत मी ते खाली मांडत गेलो. नवव्या दगडामागे बूच होतं. मुठीत दाबून खिशात टाकलं. कुणी पाहिलं नाही. प्राध्यापकांनी आत वाकून पाहिलं, "सुरेख. मध्ये कुणाचा हात लागलेला नाही," म्हणाले आणि टिपणं काढायला झाडाखाली जाऊन बसले.

"आता होते तसे लावा," सोलेन म्हणाली. आकड्यांचा कागद घेऊन ती शेजारी उभी राहिली.

मी लावू लागलो. दगड उचलायचा, फिरवायचा, बसवायचा. हात आपले चालत होते. काही आकडे तर पुसूनही गेले होते. माझ्या लक्षात आलं तेव्हा एकच दगड उरला होता आणि तिने अजून एकही आकडा वाचला नव्हता.

"बाबा, तुम्ही आकडे बघितलेच नाहीत."

"सवय आहे गं."

"दगडांची असेल. याच दगडांची कशी?"

मी बूच काढून तिच्या हातावर ठेवलं. त्यावर वाइनचं साल छापलेलं होतं, पाच-सहा वर्षांपूर्वीचं. ती बराच वेळ ते उलटसुलट करत राहिली.

"तीन वर्षं," ती हळूच म्हणाली. "तीन वर्षं तुम्ही मला कॉफी आणून दिलीत."

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती सरळ झाडाखाली गेली.

"सर, तो तुकडा अलीकडचा आहे. मी ओळखायला चुकले."

"अलीकडचा? मग रचला कुणी?"

"ते मी सांगू शकत नाही, सर. चूक माझी आहे."

पाच पावलांवर मी उभा होतो, शेवटचा दगड हातात घेऊन. माझं नाव तिने घेतलं नाही. मीही घेतलं नाही.