रुखमाबाईच्या वाट्याचं गाणं

अमरावती रोडवरच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट गोदामांमागे भाड्याच्या खोल्यांची एक ओळ होती, आणि साऱ्या ओळीत रेकॉर्ड प्लेअर होता तो एकट्या गोपाळरावांकडे. त्यामुळे ते खरोखर भले गृहस्थ होते, की त्यांना भलं म्हणणं ओळीला परवडत होतं, याचा हिशेब कोणी कधी लावला नाही. बुकिंग क्लार्क माणूस. कोणत्या गायकाचा, कोणत्या संगीतकाराचा वाढदिवस केव्हा, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाच्या दिवसाची तेवढी कौशल्येला, त्यांच्या बायकोला, आठवण करून द्यावी लागे.

असा वाढदिवस आला की संध्याकाळी सारी ओळ त्यांच्या खोलीत जमायची. सुरुवातीला फर्माइशींवरून भांडणं झाली, दोन घरांचं बोलणं बंद पडलं, तेव्हा गोपाळरावांनी एक रीत काढली. ज्याचा वाढदिवस त्याच्याच रेकॉर्डी. ज्याच्याकडे असतील त्यानं आणायच्या. सगळ्या कोऱ्या कागदी पाकिटात घालून एका दुरडीत ठेवायच्या, वरखाली करायच्या आणि वरून दुपट्टा टाकायचा. एकेकानं न पाहता हात घालायचा, येईल ती काढायची. तो त्याचा वाटा. वाटा मागून मिळायचा नाही, बदलूनही मिळायचा नाही. आणि एकाचा वाटा साऱ्यांनी बसून ऐकायचा.

दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या वामनरावांच्या हाती नेमकं सासरी निघालेल्या मुलीचं गाणं यायचं. "माह्या नशिबात दरवर्षी पाठवणीच हाये," ते म्हणायचे, "अन् घरात पाहा तं पोरगी एक नाही!"

ओळीच्या टोकाला रुखमाबाई राहायची. गोदामात फाटकी पोती शिवायची. तिचा मुलगा जागेश्वर ट्रक चालवायचा. त्याच्याजवळ रेकॉर्ड एकच, एका गायिकेची, छोटी. ट्रक लावला की हातपाय न धुता तो गोपाळरावांकडे येऊन ती लावायचा. दुसऱ्या कडव्यात तिला एक ओरखडा होता. सुई तिथं अडकायची, तेच दोन शब्द फिरत राहायचे. मग जागेश्वर टेबलावर एक टिचकी मारायचा, की गाणं पुढं. ती टिचकी त्याच्याइतकी कोणाला साधली नाही.

एकदा दिवसभर पोत्यांची धूळ खाऊन डोकं धरून आलेली रुखमाबाई त्या दारात उभी राहिली.

"बंद कर ते रडगाणं! माय जिवंत हाये का मेली, हे पाहाची फुरसत नाही तुले. आला की इथंच बसून राहते."

जागेश्वरनं सुई उचलली. रेकॉर्ड पाकिटात घातली आणि गोपाळरावांच्या हाती दिली. "राहू द्या तुमच्याजवळ. आईचं डोकं दुखून राहिलं." त्याच संध्याकाळी तो बैतूलकडे माल घेऊन निघाला. ट्रक घाटात उलटला, त्यात तो गेला. पुढं गोदामाच्या अंगणात ट्रकचा वाकलेला सांगाडा तेवढा ओढून आणला.

त्यानंतर त्या गायिकेचा वाढदिवस आला, तेव्हा गोपाळरावांनी जागेश्वरची रेकॉर्ड गुपचूप बाजूला काढली आणि लोखंडी कपाटावर सारून दिली.

"बाईच्या हाती लागली तं रडून रडून जीव देईन," ते कौशल्येला म्हणाले. कौशल्येनं शेजारी सांगितलं, शेजारणीनं पुढं. सगळ्यांना पटलं. दुसऱ्याचं दुःख झाकून ठेवायचं काम ओळीनं मोठ्या मायेनं केलं. त्यात पदरचं काही जात नव्हतं.

एरवी कोणाच्या वाढदिवसाला न येणारी रुखमाबाई त्या दिवशी मात्र सर्वांच्या आधी आली. धुतलेलं लुगडं नेसून. दुपट्ट्याखाली हात घालून बराच वेळ चाचपत राहिली.

"मावशी, भाजी निवडून राहिली का?" वामनरावांनी विचारलं. सारे हसले, तीही हसली. हाती आलेलं गाणं तिनं मान खाली घालून ऐकलं आणि निघून गेली. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. त्या दिवशी अंधारात ठेचकाळेल म्हणून कौशल्या तिला सोडायला गेली.

दाराशी रुखमाबाई म्हणाली, "अजून रुसूनच हाये वं तो."

"कोण, मावशी?"

"जागेश्वर. मीच म्हटलं होतं ना, बंद कर म्हणून? आता माह्या हाताले लागूच देत नाही आपलं गाणं. मागता तं येत नाही. त्याचं मन होईन तवा देईन."

कौशल्या घरी आली ती रडतच. गोपाळरावांनी स्टूल ओढलं, कपाटावरून पाकीट उतरवलं. वर हातभरावर टिनाचं छप्पर; दोन उन्हाळे त्याखाली काढून रेकॉर्ड पापडासारखी वाकली होती.

"सांगून टाका ना त्याहिले," कौशल्या म्हणाली.

"काय सांगू? का मीच लपवली, अन् मीच खराब केली?"

आपल्या भलेपणाची उलटी बाजू कोणाला दाखवणं गोपाळरावांना जमण्यासारखं नव्हतं. वर्षभर ते सीताबर्डीतल्या दुकानांत चौकशी करत राहिले, आणि शेवटी तेच गाणं कोरं करकरीत घेऊन आले.

तिसऱ्या वर्षी त्यांनी रुखमाबाईला सर्वांच्या शेवटी हात घालायला लावला. दुरडीत तेव्हा एकच रेकॉर्ड होती, त्यांनी मागाहून सरकवलेली.

"आज दुरडी लय हलकी दिसते, गोपाळराव," वामनराव म्हणाले, आणि गोपाळरावांचा चेहरा पाहून आपलंच पाकीट न्याहाळू लागले.

सुई टेकली. पहिल्या सुराला रुखमाबाईची मान वर झाली.

"आला," ती म्हणाली.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं तसा तिचा उजवा हात टेबलाकडे गेला, बोट अंगठ्याखाली वाकलं. ती जागा आली, आणि गाणं सरळ पुढं निघून गेलं. बोट तसंच राहिलं.

"गोपाळराव, हे रेकॉर्ड त्याची नाही."

"तीच तं हाये, मावशी..."

"त्याची इथं अडकते."

गोपाळरावांनी सुई उचलली. नवी रेकॉर्ड काढून पाकिटात घातली. कौशल्येनं आतून वाकडी रेकॉर्ड आणून रुखमाबाईच्या मांडीवर ठेवली.

"मावशी, त्याची आमीच काढून ठेवली होती. पहिल्या वर्षीपासून. तुम्हाले त्रास होईन म्हणून. दुरडीत ते कधी नव्हतीच."

आता बाई तोंड सोडणार, म्हणून वामनराव चपला शोधू लागले. रुखमाबाई वाकड्या कडेवरून हात फिरवत होती.

"म्हणजे, तो रुसला नव्हता?"

"नाही वं मावशी. तो काहून रुसन?"

"मी तं रुसली होती ना!" ती म्हणाली. "पहिल्या वर्षी त्यानं गाणं दिलं नाही, तवापासून त्याच्याशी बोलणं सोडलं. फोटोले उदबत्ती लावो अन् तोंड फिरवो. म्हटलं, तुले नाही बोलाचं तं मले बी नाही." मग रेकॉर्ड पुढं केली. "लावा."

"वाकली हाये, मावशी. नाही वाजणार."

"लावा गा."

सुई चढू उतरू लागली. विहिरीत उतरून गावं तसा गायिकेचा आवाज बुडायचा, पुन्हा वर यायचा. कोणाला शब्द लागेनात. कशीबशी दुसऱ्या कडव्यापर्यंत सुई पोचली आणि अडकली. तेच दोन शब्द, पुन्हा तेच दोन. गोपाळरावांचा हात सवयीनं पुढं झाला.

"बंद नको करू," रुखमाबाई म्हणाली.

त्यांनी हात मागं घेतला. माणसं एकेक करून आपापल्या रेकॉर्डी घेऊन उठली. कौशल्येनं केलेला चहा कोणी घेतला नाही. बाहेर अमरावती रोडवर ट्रक वळत होते. रुखमाबाईचं बोट टेबलावर अंगठ्याखाली वाकून तयार होतं. टिचकी तिनं मारली नाही.