खटक्याला बांधलेली दोरी

मित्रांनो, मी पावाच्या बेकरीतला एक जुना मिक्सर आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या चिमुकल्या मिक्सरचा थोरला भाऊ म्हणा ना! माझ्या पोटात पोतंभर मैदा मावतो आणि एक लोखंडी आकडा गरागरा फिरून तो मळतो. बेकरीतली माणसं मला लाडाने ‘ढेरपोट्या’ म्हणतात. मला राग येत नाही. ढेरी आहे, ती दिसणारच. पण एवढा अवाढव्य असूनही मी मुलखाचा भित्रा आहे. माझ्या आकड्याला मैदा आणि माणसाचा हात यांतला फरक कळत नाही, ही काळजी मला पहिल्यापासून पोखरते.

मला घडवणाऱ्या कारागिराला ती कळली असावी. त्याने माझ्या झाकणाला एक खटका बसवला. झाकण उचललं की खटका सुटायचा आणि आकडा जागच्या जागी थांबायचा. त्या खटक्याच्या भरवशावर मी वर्षानुवर्षं काम केलं. माझ्या कणकेचे पाव कापसासारखे मऊ होतात, अशी तारीफही ऐकली.

तेव्हा थोरले मालक दिवसभर आमच्यातच वावरायचे. काही बिघडलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, “कोणाला लागलं नाही ना? मग सांगा, काय झालं?” त्यामुळे कोणी काही लपवत नसे. भट्टीवाले काका भट्टीचं गाऱ्हाणं सांगत. गोळे तोलणाऱ्या मावशी माझ्या कुरकुरीला मनसोक्त नावं ठेवत आणि मला लगेच तेल मिळे.

पुढे मालकांचे गुडघे कुरकुरू लागले. त्यांना तेल चोळूनही गुण येईना, म्हणून त्यांनी कारभार मुलीच्या हाती दिला. ताई हुशार होत्या, कष्टाळू होत्या, मनानेही वाईट नव्हत्या. पण वडिलांनी उभा केलेला धंदा आपल्या हातून बुडेल, या धास्तीने त्यांना घेरलं होतं. त्यांनी काचेची केबिन बांधून घेतली आणि तिथून सगळ्यांवर नजर ठेवू लागल्या. काही मोडलं की त्या आधी विचारत, “कोणी मोडलं?” आणि मग त्या माणसाची खरडपट्टी निघे.

अशातच माझ्या खटक्याची स्प्रिंग तुटली. झाकण नीट बंद असलं तरी मी मध्येच बंद पडू लागलो. काका केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले.

“ताई, तो मिक्सरचा खटका...”

“कोणाच्या हातून मोडला?”

“तसं नाही हो, ते...”

“काका, वस्तू आपोआप मोडत नाहीत. आधी नाव सांगा, मग पुढचं बोलू.”

काका आल्या पावली परत आले. सांगावं तरी बोलणी आणि काम अडलं तरी बोलणी! शेवटी सगळ्यांनी मिळून माझा खटका दोरीने आवळून बांधला आणि केबिनमधून दिसू नये म्हणून वर फडकं टाकलं.

आता झाकण उघडलं तरी माझा आकडा फिरतच राही. माणसांना ते ठाऊक होतं. ती जपून वागत, पण माझा जीव सदा टांगणीला लागलेला असे. मी खडखडून पाहिलं, करकरून पाहिलं. मावशींनी ऐकलं आणि मान फिरवली. तिकडे ताई वडिलांना फोनवर सांगत, “बाबा, आता कोणाची तक्रारच येत नाही. सगळं सुरळीत चाललंय!” ते ऐकून मला रडावंसं वाटे.

एके दिवशी पाव दगडासारखे कडक झाले. ताई तावातावाने केबिनबाहेर आल्या. “पीठ घट्ट मळताय वाटतं. बघू जरा.” वडील हाताने कणीक बघत, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यांनी बाही सारली, झाकण उचललं आणि मी थांबणारच या खात्रीने हात आत घातला.

मी थांबलो नाही. मित्रांनो, मला थांबता येत नव्हतं! ओरडावं तर दोरी उघडकीला येणार, म्हणून क्षणभर सगळे खांबासारखे उभे राहिले.

“ताई, हात काढा! तो थांबत नाही!” काका किंचाळले. मावशींनी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. ताईंनी हात ओढून घेतला आणि त्यांच्या बोटांना चाटून जाता जाता आकडा थबकला.

ताई मटकन मैद्याच्या पोत्यावर बसल्या. समोर फडकं बाजूला सरकलं होतं आणि दोरी दिसत होती.

“कोणी...” सवयीने त्यांच्या तोंडून निघालं आणि तिथेच थांबलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मला सांगितलं का नाही?”

काका खाली बघत म्हणाले, “सांगायला आलो होतो, ताई.”

ताईंचा चेहरा मैद्यासारखा पांढरा पडला. मग त्यांनी पोत्यावर जरा सरकून जागा केली. “बसा काका. तेव्हा काय सांगणार होतात, ते सगळं सांगा.”

आता मला नवा खटका बसला आहे. तरी झाकण उघडलं की अजून माझ्या काळजाचं पाणी होतं. मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी दुकान काढेल, कोणी कारखाना. तुमच्या हाताखाली माणसं असतील. त्यांतलं एखादं वाईट बातमी घेऊन दारात येईल, अडखळेल. तेव्हा त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आमच्या वतीने बोलणारं तेवढंच एक माणूस असतं.