रिकाम्या दारावरचा उजेड

मित्रांनो, नाटक बघताना तुमची पाठ माझ्याकडे असते, म्हणून आपली ओळख राहूनच गेली. मी एका नाट्यगृहातला जुना लाइट बोर्ड. प्रेक्षकांच्या मागे असलेल्या काचेच्या खोलीत माझी जागा होती. माझ्या अंगावर सरकत्या दांड्यांच्या रांगा आणि प्रत्येक दांडीच्या ताब्यात रंगमंचावरचा एक दिवा. कुठल्या प्रसंगात कुठला दिवा किती उजळायचा हे ठरवून लाल बटण दाबलं, की तो प्रसंग माझ्या स्मरणात बसे. त्याच जागी नवा प्रसंग भरला, की जुना कायमचा पुसला जाई.

माझ्यात प्रसंग भरायचे ते मास्तर. त्यांची बायको तिथल्या नाटकांतली मुख्य नटी. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात ती रंगमंचावर उभी राही आणि मास्तर माझ्या दांड्या हळूहळू सरकवत.

"अहो, पाय भरून आले माझे! लोक मला बघायला येतात, तुमच्या दिव्यांना नाही."

"दिवे नसले तर तू दिसणार कशी?"

ती हसली, की मास्तर पटकन बटण दाबत.

एका नाटकाच्या शेवटी ती आईच्या भूमिकेत दारात उभी राहून परदेशी निघालेल्या मुलाला निरोप देई. सगळीकडे काळोख, फक्त दारावर फिकट पिवळा उजेड. लोक डोळे पुसत बाहेर पडत. त्या उजेडाचं फार कौतुक झालं.

मग ती आजारी पडली आणि गेली. काही महिन्यांनी नाटक पुन्हा उभं राहिलं. आईच्या कामाला नवी नटी आली. दिग्दर्शकाने तिला दाराऐवजी पायरीवर बसवलं.

"मास्तर, दारावरचा उजेड काढून पायरीवर द्या."

"करतो," मास्तर म्हणाले. पण केलं नाही. पायरीवरचा दिवा ते प्रयोगात हाताने थोडासा वर करत. दारावरचा उजेड मात्र माझ्या स्मरणात होता, तो दर प्रयोगाला उमटायचाच.

नवी नटी अर्धवट अंधारात बोलत राही आणि प्रेक्षक रिकाम्या दाराकडे बघत. "आई, दारात कोण येणार आहे?" असं एका मुलीने विचारलेलं मी ऐकलं. मास्तरही तिकडेच बघत. त्यांचे ओठ हलत. खरं सांगतो, कधीकधी तो उजेड किंचित मंद होई, वाटेत कुणी उभं राहिल्यासारखा. माझी दांडी तर जागची हललेली नसे.

एका दुपारी नवी नटी काचेच्या खोलीत आली.

"मास्तर, त्या प्रसंगात दार माझ्या पाठीशी असतं. कुणीतरी मागे उभं आहे असं वाटतं. वाक्यं विसरते मी. भीती वाटते हो."

"भीती कसली? ती काही करायची नाही."

नटी एक पाऊल मागे सरली. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "माझं काम असं पडलेलं वहिनींना आवडलं असतं?"

मास्तरांनी काचेतून रिकाम्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "जा पोरी. पायरीवर बस."

त्यांनी दाराची दांडी खाली ओढली, पायरीची वर नेली. मग बोट लाल बटणावर ठेवलं. बटण दाबल्यावर त्यांनी माझ्यावर डोकं टेकलं. पुढच्या प्रयोगाला त्या पोरीने नाट्यगृह जिंकलं.

पुढे मास्तर थकले. काचेच्या खोलीत संगणक आला आणि मी अडगळीत आलो. स्मरण जपणारी एक बॅटरी माझ्या पोटात आहे. ती आता पाझरते आहे आणि माझ्या तारा कुरतडते आहे. इतर नाटकांचे जुने प्रसंग अजून आत शिल्लक आहेत. या अंधारात ते आपोआप सुरू होतात, एकामागून एक, आणि प्रत्येकात मास्तरांची बायको उभीच असते.

मित्रांनो, जुनी यंत्रं बाजूला ठेवताना त्यांच्या बॅटऱ्या आधी काढत जा. माझ्यापर्यंत कुणी पोचलंच, तर मागचं झाकण उघडा. बॅटरी निघाली की मला काहीच आठवणार नाही, हे ठाऊक आहे मला. तरी काढा. तिला आता बसू द्या.